बाकावरची गोपिका

पेशंटला आत बोलवायला मी कधी कंपाउंडरला पाठवत नाही. प्रतापनगरात दवाखाना थाटला तेव्हापासून मी स्वतः दारात उभा राहून नाव पुकारतो. लोकांना त्यात डॉक्टरचा साधेपणा दिसतो. साधेपणा कसला, धंद्याची युक्ती आहे. स्वतःचं नाव ऐकून माणूस कसा हलतो, कुणाकडे बघतो, ओ देतो की नाही, यावरून मानसोपचारवाल्याला पुष्कळ कळतं.

त्र्याऐंशी सालचा मे महिना होता. कूलरच्या वाळ्याचा ओला वास बाहेरच्या बाकापर्यंत जात होता. मी हाक मारली, "प्रेमिला!" बाकावरची तरुण बाई हललीच नाही. उलट, कुणाला बोलावताहेत म्हणून तिनेच इकडेतिकडे पाहिलं. शेवटी नवऱ्याने तिला कोपर मारलं.

"अवं, तुलेच आवाज देऊन राहिले ना डॉक्टरसाहेब."

नवरा रुपराव कोराडीच्या वीजकेंद्रात फिटर होता. कॉलरच्या घडीत राखेची करडी रेघ. सोबत तिची आई आली होती, रुखमाबाई. वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे खोली घेऊन राहणारी, बारदाना शिवून पोट भरणारी विधवा. सासू-जावयाचं एकमेकांशी बोलणं नव्हतं.

मुलीच्या डाव्या मनगटावर फुटक्या बांगडीने केलेले वार होते. काही जुने, काही अजून ओले. मी पट्टी बांधली आणि सवयीप्रमाणे विचारलं, "घट्ट नाही ना झाली?"

"नाही," ती म्हणाली. "दुखते तोवर मी आहो असं वाटते. मंग सारं रिकामं होते."

हे बाहेरचं काही नाही, हे मी दोघांनाही पहिल्याच दिवशी खडसावून सांगितलं, कारण त्यांचा एका दर्ग्याला आणि एका भगताकडे फेरा होऊन गेला होता. हे वेडही नव्हतं. तिला भास होत नव्हते, वारतारीख बरोबर सांगत होती. पण सकाळी देव वाटणारा नवरा संध्याकाळी तिला वैरी वाटे. तो ड्यूटीवर निघाला की आता हा काही परत येत नाही म्हणून ती उंबऱ्यात आडवी पडे. जिच्याजवळ बसेल तिच्यासारखी बोले, तिच्यासारखी हसे, आणि ती बाई उठून गेली की हिच्यापाशी स्वतःचं काहीच उरत नसे. हे एका भेटीत ओळखता येत नाही, रक्त तपासूनही कळत नाही. दर गुरुवारी मी तिला बोलावत असे. मला असे कित्येक गुरुवार लागले. मग मी सांगितलं, हा व्यक्तिमत्त्वाचा विकार आहे.

"म्हणजे सोभावच ना?" रुपराव म्हणाला. "त्याले काय दवाई?"

प्रश्न रास्त होता. गोळ्यांनी झोप लागते, माणूस घडत नाही. ठरल्या वारी, ठरल्या माणसाशी, न कंटाळता बोलत राहायचं, हाच उपचार. तोही वर्षानुवर्षं.

रुखमाबाईने हात जोडले. "मले ते काही समजत नाही, साहेब. माही गोपी मले वापस पाहिजे. बस."

"गोपी कोण?"

रुपरावने मान खाली घातली. मुलीचं माहेरचं नाव गोपिका. प्रेमिला ही त्याची पहिली बायको, काविळीने गेलेली. दुसऱ्या लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवरीचं नाव लिहायची वेळ आली, तेव्हा घरच्यांनी त्याला तेच नाव पुन्हा लिहायला लावलं.

"घरातल्या साऱ्या भांड्यांवर तेच नाव टाकलेलं होतं, साहेब. अन् सगळ्याइच्या तोंडातबी बसलं होतं. नवीन काहून काढाचं?"

माझं डोकंच फिरलं. जिला स्वतःचा पत्ता नाही तिच्या अंगावर यांनी मेलेल्या बाईचं नाव चढवलं होतं, धुऊन ठेवलेल्या लुगड्यासारखं. मी बजावलं, आजपासून हिला गोपिकाच म्हणायचं. इथेही आणि घरीही. रुपराव "हाव" म्हणाला, आणि घरी गेल्यावर प्रेमिलाच म्हणत राहिला. हे मला फार उशिरा समजलं.

पावसाळा सरता सरता ती निवळली. आदळआपट थांबली, मनगटावर नवे वार दिसेनात. ती भाजीचा भाव सांगे, पाहुण्यांची खबर सांगे. मी स्वतःवर खूश होतो. खटकली ती एकच गोष्ट. एका गुरुवारी मी दारातून "गोपिका" म्हणून हाक मारली आणि लगेच "ओ" आली. पण ती तर पदराचा दोरा तोडत होती, दोरा दातांत होता. ओ बाकाच्या दुसऱ्या टोकाकडून आली होती. तिथे कुणी बसलेलं नव्हतं.

कूलरच्या घरघरीत काहीही ऐकू येतं, असं मी ठरवून टाकलं.

दिवाळीनंतर रुखमाबाई एकटीच आली. "साहेब, गोपी माह्यापाशी आली."

"ती तर कोराडीला आहे."

"तिकडं प्रेमिला आहे," ती म्हणाली.

आईच्या मनात भलतंच रुजायच्या आत ते उपटावं म्हणून एका दुपारी मी नवरा-बायकोला घेऊन वाडीला गेलो. खोलीत तागाचा आणि डिझेलचा वास कोंदला होता. बाहेर ट्रक मागे घेणाऱ्या क्लीनरचं ओरडणं. मुलगी माझ्या शेजारी बसून बशीतून चहा पीत होती. मध्ये पोत्याचा पडदा, पलीकडे आईची झोपायची जागा.

रुखमाबाईने पडद्याकडे तोंड करून हाक मारली, "गोपे!"

"ओ, माय."

आवाज तोच होता. माझ्या शेजारी बशी ओठांना लागलेली होती.

मी पडदा सारला. घडी घातलेली वाकळ, पोत्यांची थप्पी, भिंत. दुसरं दार नव्हतं. आणि वाकळेवर बसलेल्या माणसाचं तोंड जिथे येईल तिथून, माझ्यापासून हातभर अंतरावरून, कुणीतरी कण्हत म्हणालं,

"हात दुखते वं, माय."

मी परत येऊन मुलीचं डावं मनगट धरलं. बांगड्या वर सारल्या. कातडी स्वच्छ होती. एकही वण नव्हता. ते वार मी बांधले होते, त्यांचे वण जन्मभर जाणारे नव्हते.

तिने शांतपणे नवऱ्याला विचारलं, "कोण आहे जी तिकडं?"

"कोणी नाही. चाल, बस निघून जाईल."

त्यानंतर रुपरावने तिला आणणं बंद केलं. बरी झाली, साहेब, असा निरोप आला. खोटा नव्हता. ती खरोखरच सुखात नांदत होती. पण जी बरी झाली ती माझी पेशंट नव्हती, आणि जी पेशंट होती तिच्यासाठी माझ्यापाशी ना पुस्तक होतं, ना औषध. इतका हताश मी कधीच झालो नव्हतो.

रुखमाबाई मात्र अजूनही गुरुवार चुकवत नाही. बाकाच्या एका टोकाला बसते, शेजारी जागा सोडून. मी दारातून हाक मारतो. ओ येते. दर खेपेला जरा बारीक.

गेल्या गुरुवारी ती म्हणाली, "साहेब, पट्टी ओली झाली तिची. तुमच्या हातानं नवी बांधून द्या ना. लय दुखते म्हणते."

आईचं मन राखणं हाही उपचारच, असं मी स्वतःला समजावलं. पट्टीचं भेंडोळं आणलं आणि बाकापुढे गुडघे टेकले.

रुखमाबाईने शेजारच्या हवेत बोटाने जागा दाखवली. मी त्या जागेभोवती पट्टीचे वेढे दिले.

गाठ मारली.

"घट्ट नाही ना झाली?" सवयीने तोंडून निघून गेलं.

मग मी दोन्ही हात काढून घेतले. पट्टी खाली पडली नाही.