न वाळणारी भिंत

ही गोष्ट माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडली. कुणाकडून ऐकलेली नाही, तिखटमीठ लावलेली नाही. ती भिंत आजही उभी आहे.

मंगळवार होता. दुपारचे सव्वातीन. लख्ख ऊन. भुतं रात्रीच निघतात असं वाटणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

वस्तीबाहेरच्या मोकळ्या माळावर मावशीचं घर बांधून होत आलं होतं. काकांची, म्हणजे मावशीच्या नवऱ्याची, फुप्फुसं पार खचली होती. धूर, धूळ, रंगाचा वास, एसीची कोंडलेली हवा... काहीच चालणार नव्हतं.

मग मावशीने कंबर कसली. दीड फूट जाड मातीच्या भिंती, उन्हाळ्यात गार आणि थंडीत उबदार. दारं, खिडक्या, तुळया सगळं पाडलेल्या इमारतींमधलं. मातीसुद्धा जुन्या घरांचीच. पडक्या भिंती भिजवून, पेंढा घालून पुन्हा मळलेली.

"मातीची भिंत श्वास घेते, ताई," मिस्त्री म्हणायचा. "सिमेंटची नुसती उभी राहते."

काका दवाखान्यात नळ्या लावून पडले होते. आणि मावशी इथे त्यांच्यासाठी श्वास घेणारं घर बांधत होती.

सगळ्या भिंती वाळल्या.

एक वाळेना...

मागच्या खोलीतली. काकांची खाट जिथे लागणार होती, तिथलीच. पाच आठवडे झाले तरी छातीच्या उंचीवर ओला डाग तसाच. बोट लावलं की चिखल यायचा. जवळपास नळ नाही, पाइप नाही, छप्पर ठणठणीत कोरडं. ही माती कुठल्या घराची, ते ट्रॅक्टरवाल्यालाही धड आठवत नव्हतं.

"वर तुळई टेकलीय, ताई," मिस्त्री म्हणाला. "ही भिंत बसली तर छप्पर घेऊन बसेल. एवढा भाग फोडून नव्याने भरू."

मावशी हो म्हणाली. तुळईला टेकू देऊन मिस्त्री पहार आणायला बाहेर गेला.

खोलीत ती एकटी. जाड भिंतींतून बाहेरचा आवाज आत येत नव्हता. सगळं चिडीचूप.

आणि मग...

कुणीतरी श्वास आत ओढला.

मग बारीक शिट्टी. मग थोडं थांबणं... मग पुन्हा श्वास.

मावशीने तो श्वास ओळखला. अकरा वर्षं ती त्या आवाजाशेजारी झोपत होती. तो मधेच थांबला की तिला जाग यायची.

तिने भिंतीला कान लावला. ओली माती गार लागायला हवी होती.

भिंत कोमट होती...

मिस्त्री पहार घेऊन आला.

"मिस्त्री, काही ऐकू येतंय का?"

त्याने क्षणभर कान दिला. "पेंढ्यात उंदीर शिरला असेल. घर पूर्ण व्हायच्या आधीच भाडेकरू!" तो हसला आणि त्याने घाव घातला.

शिट्टी थांबली.

दुसरा घाव. मातीचं ढेकूळ निखळून पडलं. मुठीएवढं भोक.

तेवढ्यात फोन वाजला. दवाखान्यातून दीर बोलत होता.

"वहिनी, लवकर या! दादाचा श्वास अडकलाय... डॉक्टर धावत आलेत..."

दवाखाना तासाभराच्या वाटेवर.

मावशीने फोन टाकला आणि ती मिस्त्रीच्या हाताला लोंबकळली. "थांबा! भोक बुजवा! पाणी आणा!"

"ताई, काय झालं काय तुम्हाला?"

ती घमेल्यातला चिखल ओंजळीने भोकात कोंबत होती, दोन्ही तळव्यांनी दाबत होती आणि रडत होती. "अहो, घ्या ना श्वास... एक तरी घ्या... अहो..."

मिस्त्रीने मदतीला हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. त्याचा चेहरा पांढराफटक.

"आतून कुणीतरी... फुंकर मारली."

भिंतीत शिट्टी वाजली.

जमिनीवरच्या फोनमधून दिराचा आवाज आला, "वहिनी? आला... श्वास आला!"

मिस्त्रीने तुळईखाली दोन पक्के खांब उभे केले आणि तो गेला, तो गेलाच. मातीकाम त्याने कायमचं सोडलं.

बाराव्या दिवशी काका घरी आले. चार वर्षं त्या घरात सुखाने राहिले. मावशी रोज सकाळी भिंतीवर पाणी मारायची. लोक हसायचे. तिने काकांना काही सांगितलं नाही.

एकदा काकांनीच विचारलं, "पलीकडच्या खोलीत कोण झोपतं गं?"

पलीकडे खोली नव्हतीच. मोकळा माळ होता...

मागच्या वर्षी काका बहिणीकडे गेले होते. चहा पिता पिता हृदय बंद पडलं. त्या सकाळीही मावशीने भिंत भिजवली होती.

गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेले. बघते तर, मावशी बादली आणि तांब्या घेऊन भिंतीपाशी.

"मावशी, काका गेले. आता कशाला?"

"आत अजून चालू आहे गं."

"म्हणजे... ते काका नव्हतेच?"

"देव जाणे." तिने भिंतीवर तांब्या रिकामा केला. "पण मी पाणी थांबवलं तर कोण गुदमरेल, सांग ना? कोण?"

तिने माझं मनगट घट्ट धरलं.

"माझं वय झालं. माझ्यामागे तू येशील ना पाणी मारायला?"

मी अजून तिला उत्तर दिलेलं नाही.