घरची बोली

देवकी डहाणूच्या मच्छीमार सोसायटीचे अर्ज घरी बसून टाइप करून द्यायची. अंगणात बोंबील वाळत असायचे, आत पंखा फिरत असायचा. कॉम्प्युटर नवऱ्याचा, धर्मेशचा. तीन वर्षांपूर्वी तो बोटीवर गेला. बोट सापडली, तो नाही. सगळी आळी रडली. देवकीला तेव्हा रडू आलं नाही, नंतरही नाही.

कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी लिनक्स होती. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून बनवलेली, फुकटातली. तिच्यावरचे शब्द घरच्या बोलीत आणायचे, हा धर्मेशचा नाद. दहा-बारा झाले आणि राहिलंच. कचरापेटीला त्याने ‘खाडी’ लिहिलं होतं.

मार्चमध्ये अपडेट अर्ध्यावर अडकलं. डेस्कटॉप उघडेना. काळी स्क्रीन आणि नुसता बाण. एक पॅकेज, म्हणजे प्रोग्रॅमचा एक तुकडा, नाही म्हणून तक्रार. ते टाकावं तर दुसरंच नाही. दोन दिवस डोकं लावून तिने सीपीयू पिशवीत घातला आणि एसटीने तलासरीला गेली. तिथे धर्मेशच्या दोस्ताचं, जिग्नेशचं दुकान होतं.

“वहिनी, डिस्कच गेली. नवी टाकतो. पण जुनं काहीच राहणार नाही हां.”

“चालेल.”

इतक्या पटकन हो म्हटलं म्हणून त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं.

कोऱ्या डिस्कवर त्याने पेनड्राइव्हवरून सगळं नव्याने बसवलं. डेस्कटॉप आला. कोपऱ्यात कचरापेटीचं चित्र, त्याखाली शब्द: ‘खाडी’.

जिग्नेशने तोच पेनड्राइव्ह दुकानातल्या मशीनला लावला. तिथे ‘कचरापेटी’ आलं.

“तुम्ही काही केलंत काय?”

“मी काय करणार?”

घरी आल्यावर दर अपडेटला चार-पाच शब्द वाढू लागले. ‘बंद करा’च्या जागी ‘दार ओढ’. ‘शोधा’च्या जागी ‘हाक मार’. धर्मेश असाच बोलायचा. देवकी वाचायची आणि पुढचा अर्ज घ्यायची.

जिग्नेशने लिनक्स बनवणाऱ्यांना मेल केला. उत्तर आलं, असं भाषांतर आमच्याकडे कुणी पाठवलेलंच नाही.

तो डहाणूला आला. त्याने नेटची वायर काढली, वायफायचं कार्डही काढून खिशात घातलं. “आता कुठून येतं बघू,” म्हणाला. चहा अर्धाच पिऊन गेला.

मंगळवारी दुपारी अपडेट आलं.

पट्टी भरत गेली. शेवटी नेहमीची चौकट उघडली. तिथे ‘पुन्हा सुरू करायचं?’ असं असतं.

आज होतं, ‘आता येऊ?’

खाली दोन बटणं. ‘ये’. ‘थांब’.

देवकी उठली. अंगणात जाऊन तिने बोंबील उलटवले, हात धुतले, पुसले. परत आली. चौकट तशीच होती.

तिने ‘थांब’ दाबलं.

चौकट मिटली. तिच्या जागी दुसरी, लहान चौकट उघडली. आत आकडा लिहायला रिकामी जागा होती आणि वर दोनच शब्द.

‘किती दिवस?’