मागच्या बाकांचा आवाज

मी कानाची यंत्रं बसवतो. श्रद्धा वगैरे माझ्या दुकानात मिळत नाही. चाचणी मिळते आणि यंत्राचे सेल.

प्रार्थनागृहं चालवणाऱ्या एका संस्थेच्या चिटणीसांनी अडचण सांगितली. "भक्त संपले, पण म्हातारे धर्मगुरू काही संपेनात. बाकीचे संस्थेच्या वृद्धाश्रमात आणले. हे एकटे गुरुजी त्यांच्या प्रार्थनागृहातून हलत नाहीत. म्हणतात, लोकांना सोडून कसा येऊ? अहो, दोन वर्षं तिथं चिटपाखरू फिरकलेलं नाही! दिसतं धूसर, ऐकूच येत नाही, तर कळणार कसं? यंत्र बसवा. रिकामं सभागृह एकदा नीट ऐकलं की येतील मुकाट्याने."

योजना मला पटली. ऐंशी उलटलेल्या माणसाने गळक्या खोलीत एकटं राहू नये.

सकाळी यंत्र बसवलं. स्वयंपाकाच्या मावशी दारातून म्हणाल्या, "आता माझी बडबड ऐकावी लागणार हं, गुरुजी."

"मग काढून ठेवीन."

प्रार्थनेची पद्धत साधी. एक ओळ गुरुजींनी म्हणायची, पुढची लोकांनी. अकरा बाक, त्यांवर धूळ, शेवटच्यावर मी. गुरुजी ओळ म्हणून थांबले. खिडकीतल्या माशीचा आवाज येत होता, बाकी काही नाही. त्यांनी समाधानाने मान हलवली आणि पुढची ओळ घेतली.

तिसऱ्या वेळी त्यांचा हात कानाकडे गेला. कळलं वाटतं, असं मनात आलं आणि जरा वाईट वाटलं.

प्रार्थना संपवून ते माझ्याकडे आले. "आवाज कमी होईल का हो? मागचे फार ओरडून म्हणतात."

यंत्र बिघडलं असणार. आजूबाजूचा आवाज किती होता, याची त्यात नोंद राहते. मी ते लॅपटॉपला जोडलं. आलेखावर गुरुजींच्या ओळी म्हणजे छोट्या टेकड्या होत्या. ते जिथे जिथे थांबले होते, तिथे उभा कडा.

दुसरं यंत्र लावलं. पुन्हा म्हणायला लावलं.

कडे आणखी उंच झाले.

मी आवाज दोन घरं कमी करून दिला. माझं काम तेवढंच.

"बरं झालं तुम्ही आलात," गुरुजी म्हणाले. "इतके दिवस नीट कळत नव्हतं. मागचे म्हणतायत, आम्हीपण येतो. मग मी कशाला अडून बसू?"

मावशींनी बॅग भरली.

आश्रमाकडे मीच निघालो त्यांना घेऊन. गाडी सपाट रस्त्यावरही दुसऱ्या गिअरच्या वर जाईना. आरशात पाहिलं. मागच्या सीटवर गुरुजी दाराला चिकटून, अंग चोरून, बॅग मांडीवर घेऊन बसले होते.

"ऐसपैस बसा की, गुरुजी. जागा आहे."

"होती," ते म्हणाले.