पाचवा प्रश्न

ही रचलेली गोष्ट नाही. मी सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली आहे. रचून सांगणं मला जमत नाही. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

रात्रसुद्धा नव्हती. गेल्या फेब्रुवारीतला गुरुवार, दुपारचे तीन. मिशिगनमधलं आमचं हॅनकॉक गाव. बर्फ खिडकीच्या निम्म्यापर्यंत आलेला. घरात मी एकटी.

मी व्हर्ना हौताला. माझा नवरा आर्वो त्याआधीच्या ऑक्टोबरमध्ये गेला. त्याचा कॉम्प्युटर तळघरात होता, सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या, बाहेरच्या खोलीत. त्यावर लिनक्स. चित्रं नाहीत, माउस नाही. काळा पडदा आणि लुकलुकणारी एक रेघ.

त्यात आमच्या मुलीचा आवाज होता.

सिग्ने एकोणिसाव्या वर्षी गेली. कालव्यावरचा बर्फ फुटला आणि ती बर्फावर चालवायच्या स्नोमोबाइलसकट खाली गेली. आमच्या फोनवर राहिलेले तिचे चार निरोप आर्वोने त्या कॉम्प्युटरमध्ये ठेवले. दुसरीकडे कुठेच नाहीत. प्रत्येक निरोप 'आई' म्हणून सुरू व्हायचा. चौथा ती गेली त्याच दिवसाचा.

"आई, तू म्हणतेस तर बर्फावरूनच येते."

हो. मीच म्हटलं होतं. बर्फ पक्का आहे, पुलावरून वळसा कशाला घालतेस...

आर्वो त्यावरून मला कधी एक शब्द बोलला नाही. पण तिच्या दर वाढदिवसाला तो चारही निरोप लावायचा. मी वर स्वयंपाकघरात भांडी घासत ऐकायचे.

जानेवारीत त्या कॉम्प्युटरची डिस्क वाजायला लागली. टक... टक... टक.

"फार दिवस टिकत नाही आता ती," ड्वेन म्हणाला. हा ड्वेन पेरो, टेलिफोन कंपनीतून निवृत्त झालेला. दर मंगळवारी वाचनालयात आम्हा म्हाताऱ्यांना कमांड शिकवतो. "मी येऊन काढून देऊ का निरोप?"

"नको. माझ्या मुलीचे आहेत. मी शिकते."

"बघ हं. ती बस नाही, हॉर्न वाजवला की चालायला."

शिकले. ls म्हणजे इथे काय काय आहे ते दाखव. cp म्हणजे नक्कल कर. rm म्हणजे काढून टाक.

"अगं, त्या rm ला जपायचं," ड्वेनने मला बजावलं होतं. "ती विचारत नाही, सांगत नाही. गेलं ते गेलं. म्हणून आधी pwd लिही, म्हणजे आपण कुठल्या फोल्डरमध्ये उभे आहोत ते कळतं. बस मागे घेताना आरसा बघायचीस ना?"

"सत्तावीस वर्षांत एक खांब पाडला नाही मी."

"मग आता पाडशील," तो म्हणाला, आणि माझ्या डब्यातला वेलचीच्या पावाचा शेवटचा तुकडा उचलला.

त्या गुरुवारी मी खाली जाऊन बसले. आधी ls केलं. चार फायली होत्या, signe1 ते signe4. मग पेनड्राइव्ह लावला, तर तो जुन्या फोटोंनी भरलेला. म्हटलं, आधी हा रिकामा करू.

मला वाटलं, मी पेनड्राइव्हमध्ये शिरले आहे.

pwd लिहिलं नाही.

rm लिहिलं, पुढे चांदणी. म्हणजे इथलं सगळं काढ. एंटर दाबलं.

खरं तर पडदा गप्प राहायला हवा होता. पण त्यावर एक प्रश्न आला...

signe1 काढू का?

मी माझ्या मुलीच्या फोल्डरमध्ये उभी होते.

आणि डिस्कची टकटक थांबली होती.

मी n दाबलं. नाही. एंटर.

signe2 काढू का? नाही.

signe3? नाही.

signe4? नाही.

सुटले, असं वाटलं. तेवढ्यात...

verna काढू का?

या नावाची फाईल तिथे नव्हती. पाच मिनिटांपूर्वी मी बघितलं होतं. चारच होत्या.

मी दोन्ही हात तोंडावर घेतले.

आणि कीबोर्डची कळ वाजली...

मग एंटरची.

प्रश्नापुढे y उमटलं होतं. हो.

मागे वळून बघितलं. सौनाचं दार बंद. टॉवेल खुंटीला. कोणी नाही. वरच्या फ्रीजचा आवाजसुद्धा येत नव्हता. मग डिस्क पुन्हा वाजायला लागली. टक... टक.

मी पुन्हा ls केलं. चार फायली. verna नव्हती.

दुसऱ्या कोऱ्या पेनड्राइव्हवर चारही निरोप कसे उतरवले ते आठवत नाही. वर येऊन मी कोट घालूनच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी ड्वेन आला. त्याने एक रिकामी फाईल बनवली आणि rm केलं. फाईल गेली. काही विचारलं नाही.

"तिला विचारायला लावता येतं, तशी सोय असते," तो म्हणाला. अर्धा तास शोधत होता. "पण आर्वोने कुठेच लावलेली नाही. दमली असशील तू, व्हर्ना."

"दमले होते. आंधळी नव्हते."

मग आम्ही निरोप लावले.

पहिला. सुरुवातीला काहीच नाही... मग सिग्नेचा आवाज. "गाडी सुरू होत नाहीये."

'आई' नव्हतं.

दुसऱ्यात नव्हतं. तिसऱ्यात नव्हतं. तेवढीच जागा शांत होती.

चौथ्यात ती शांतता लांबली. ड्वेन माझ्याकडे बघत होता. शेवटी ती बोलली.

"बर्फावरूनच येते."

"डिस्क खराब आहे गं," ड्वेन हळू आवाजात म्हणाला. "तेवढा भाग गेला असेल. आणि बरंच झालं की. आता कोणी म्हणणार नाही, तू सांगितलंस म्हणून."

डिस्क नेमकी तेवढीच कशी खराब होते, असं मी विचारलं, तर तो पहिला निरोप पुन्हा लावून बघायला लागला.

ती दोन बटणं कोणी दाबली, मला माहीत नाही. आर्वो असेल, तर त्याने मला सोडवलं की तिच्यापासून तोडलं, तेही माहीत नाही. की ती स्वतःच होती... हा विचार मी पुढे जाऊ देत नाही.

रोज संध्याकाळी मी चौथा निरोप लावते आणि त्या शांत जागेत कान देऊन बसते. मला तो दोष आयुष्यभर चालला असता. निदान ती मला हाक तरी मारत होती.