निम्मं तुझं, निम्मं माझं

राजधानीतून, मोंतेविदेओहून कुणी साहेब मुलांची संगणक-परीक्षा घ्यायला येणार होते. त्यांच्या अहवालावर माझा संगणकाचा तास टिकणार होता किंवा बंद पडणार होता. सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. शाळेच्या फाटकाशी एक तरुण दिसला, त्यालाच म्हटलं, "बघत काय उभे राहिलात? त्या खुर्च्या आत न्या."

त्यानं मुकाट्यानं बारा खुर्च्या नेल्या. मग हात झटकत म्हणाला, "मी यामांदू. परीक्षा घ्यायला आलोय... आणखी काही उचलायचंय, बाई?"

मेलेच मी. "आधी सांगायचं ना."

"तुम्ही बोलू कुठं दिलंत?"

तो हसला, आणि माझा जीव उगीचच आणखी खाली-वर झाला.

परीक्षेत मुलं अडकली. ब्रेंडा भराभर टाइप करायची, पण पडद्यावरचा बाण हलवायचा म्हटलं की शेजारी बघायची. तिच्या जोडीतल्या वॉशिंग्टनचं नेमकं उलटं. चोवीस मुलं, चालू लॅपटॉप बारा. म्हणून वर्षभर एकानं टाइप करायचं, दुसऱ्यानं बाण सांभाळायचा, अशा जोड्या मीच लावलेल्या. एकेकटं बसवल्यावर प्रत्येकाला निम्मंच येत होतं. चूक सगळी माझी.

मधल्या सुट्टीत मी भांड्यात माते, आमचा पाल्याचा कडू चहा, भरून त्याच्यापुढे धरलं. आमच्याकडे भांडं परत देताना 'आभारी आहे' म्हटलं की समजायचं, आता पुरे.

"नापासच करणार ना?" मी विचारलं.

"दिसलं ते लिहिणार."

"मग जोडीनं बसवून बघा की एकदा."

"नियमात नाही, बाई." त्यानं कडू घोट संपवला, भांडं परत दिलं... आभार न मानता. "बसवतो. पण दोन्ही निकाल लिहीन."

दुपारी जोड्यांनी अर्ध्या तासात सगळं संपवलं. त्यानं लिहिलं: तास चालू ठेवावा, जोड्यांनी दर आठवड्याला कामं बदलावीत, महिन्यानं पुन्हा तपासणी. वाचून माझे डोळे भरून आले.

"तपासणीला कोण येणार?"

"मीच. म्हणजे... तुमची हरकत नसेल तर."

"सुल्मा म्हणा. बाई मी मुलांची."

रस्त्यावर चारची बस हॉर्न देत होती. मी शेवटचं माते भरलं. तो जाऊ नये, एवढंच मला वाटत होतं. त्यानं ते सावकाश प्यायलं आणि भांडं माझ्या हातात दिलं. मी वाट पाहिली. चारची बस निघून गेली.

"आभार राहिले," मी म्हटलं.

"राहू देत, सुल्मा."

मी पुन्हा पाणी ओतलं. पुढची बस सहाला होती.