दोन इंजनांचं आवतन

मलकापूरच्या मालधक्क्यावर ती लाँच आली, तेव्हा सरकीच्या पोत्यांवर टेकलेले हमाल उठून उभे राहिले. समुद्र तिथून तीनशे मैलांवर. आणि इथे मालगाडीच्या उघड्या डब्यावर एक जुनी लाकडी लाँच: पितळी चौकटींच्या गोल खिडक्या, मधोमध बसकी केबिन, पोटात दोन डिझेल इंजनं. तिला न्यायला आलेल्या पंजाबरावांची छाती अशी फुगली होती की सदऱ्याच्या गुंड्यांची काळजी वाटावी.

"पंजाबराव, सोयरीक कुठची म्हनाव?" शेजारच्या किसनरावांनी विचारलं. "नवरी जराशी थोराड दिसते."

"थोराड हाय, पन दोन काळजाची हाय," पंजाबराव म्हणाले.

त्यांची बायको कोकिळा मात्र नवरीच्या तोंडाकडे न बघता तळाकडे बघत होती. ती तिसरी शिकलेली. पण घरची पिठाची चक्की इंजनावर चालायची आणि ते इंजन पंधरा वर्षं तिनंच चालवलेलं. नुसत्या आवाजावरून ती सांगायची, पाणी कमी आहे की तेल. तिनं फळ्यांच्या फटीत करंगळी घातली. पेरभर आत गेली.

"सुकली हे. पान्यात टाकली की पिऊन घेईन पोटभर."

"मंग फुगन अन् फटी बुजतीन. मले सांगतलं मुंबईवाल्यानं."

"अजून काय सांगतलं त्यानं?"

पंजाबरावांनी ते घरी गेल्यावर सांगितलं. गोदीतल्या लिलावाच्या कारकुनाला त्यांनी विचारलं होतं, आधी ही चालवायचं कोण? कारकून म्हणाला, दोन खलाशी होते, एक-एका इंजनाला एक. आता कुठं आहेत? तर तो पान उलटून म्हणाला, आता लाँच तुमची आहे.

चक्की विकून ही लाँच घेतली होती, आणि ते वेडेपणानं नाही. धरण झालं, जुनं गाव पाण्याखाली गेलं, नवं टेकाडावर वसलं. बाजार आणि दवाखाना राहिले पलीकडच्या काठाला. पाण्यातून सरळ जावं तर अर्धा तास, काठानं वळसा घालावा तर सात कोस. मागच्या पावसाळ्यात एक बाळंतीण त्या वळशातच गेली, बैलगाडीत. गाडी किसनरावांची, हाकत पंजाबराव होते. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात दुसरं काही शिरेना.

लाँच पाण्यात उतरवली त्या दिवशी ती गुडघाभर बुडाली आणि काठावरच्या सगळ्यांनी पोट धरून हसून घेतलं. आठ दिवसांत लाकूड फुगलं. उरलेल्या फटीत कोकिळेनं कापसाची रुई आणि राळ ठोकून बसवली. मग ती इंजनांकडे वळली. डावं अंगचोर होतं, उजवं एकटंच ओढायचं. त्यामुळे लाँच सरळ जायच्या ऐवजी डावीकडे वळून स्वतःभोवती फिरायची.

"जोडी जमली नाई त्यायची," ती म्हणाली. "एकाले मारा लागते, एकाले आवरा लागते."

पंधरा दिवस ती तेलात माखली. नोजलं काढली, धुतली, बसवली. आणि एके सकाळी दोन्ही इंजनं अशी एका सुरात चालली की डोळे मिटले तर एकच वाटावं.

बारा माणसांचा परवाना मिळाला. फेऱ्या सुरू झाल्या. वांग्यांच्या टोपल्या, आजारी पोरं, सासरी निघालेल्या लेकी, सगळ्यांना लाँचची सवय झाली. कोकिळेलाही झाली. फक्त एक गोष्ट तिला खुपायची. केबिनमध्ये समोरासमोर दोन बाकं होती. पावसाची उघडीप पडली की काठावरून धूळ उडायची आणि लाँचमध्ये सगळीकडे बसायची. चाकावर, चौकटींवर, इंजनाच्या झाकणांवर. त्या दोन बाकांवर बसायची नाही. आधी तिला वाटलं, नवरा पुसत असेल. पंधरा वर्षांच्या संसारात त्या माणसानं काही पुसलेलं तिला आठवेना, तेव्हा तिनं तो विचार सोडून दिला.

श्रावण सरत आला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी. घरोघरी बैलांचे खांदे कोमट पाण्यानं शेकायचे, लोणी-हळद चोळायची आणि त्यांना जेवणाचं आवतन द्यायचं. कोकिळेच्या गोठ्यात बैल नव्हते. जमीन पाण्यात गेल्यावर जोडी विकली होती. शेजारी किसनरावांच्या अंगणात घागरमाळा वाजत होत्या आणि हिचे हात रिकामे. तिला राहवेना. वाटीत लोणी-हळद घेऊन ती पाण्यावर गेली.

पंजाबराव दोर बांधत होते. "हे काय वं?"

"राबले नाई का ते दोघं? त्यायले काऊन नाई?"

"लाव बाप्पा, लाव. शिंगं नाई, तं बेगड कुठी लावशीन?"

ती खाली इंजनांपाशी उतरली. दोन्ही अजून कोमट होती. दोघांच्या झाकणांवर तिनं लोणी-हळद चोळली, पळसाच्या पानानं वारं घातलं आणि पदर सावरून, हसत हसत पण मनापासून म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

झाकणावरचं लोणी वितळून एक ओघळ खाली गेला. बस्, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी बैलांना सुट्टी, म्हणून लाँचलाही सुट्टी. दुपारी तिनं दोन ताटल्यांत पुरणपोळी, कढी, वडे नेऊन केबिनमध्ये ठेवले. दिवस कलता ताटल्या आणायला गेली. कुत्र्यानं खाल्लं असतं तर सांडलवंड दिसली असती. ताटल्या चाटूनपुसून स्वच्छ होत्या, आणि दोन्ही बाकांखाली खोचून पालथ्या ठेवलेल्या. लाँच हलली तरी घसरू नयेत अशा.

"तुमी खाल्लं काय केबिनीतलं?" तिनं घरी विचारलं.

"घरी सात पोळ्या खाल्ल्या म्या. आता केबिनीत जाऊन कोन खाईन?"

तिसऱ्या दिवशी फेरी सुरू झाली. लाँचमध्ये बारा माणसं चढली आणि ती जरा जास्तच खाली बसली. रोजची भरल्या लाँचची खूण कोकिळेला पाठ होती: गोल खिडकीच्या खालच्या काठापासून पाणी दीड वीत. आज एक वीत. तिनं तळाची फळी उचलून पाहिली. तळ कोरडा. डब्यानं उपसायला थेंब नाही.

वांगी विकणारी तानुबाई, सत्तरीची म्हातारी, रोज पहिली चढायची आणि केबिनमध्ये बाकावर पाय घेऊन बसायची. आज ती बाहेर टोपलीवर बसली होती, अंगावर पाणी घेत.

"आत बसा ना, आत्याबाई."

"आत जागा कुठी हे?"

कोकिळेनं आत पाहिलं. दोन्ही बाकं रिकामी होती.

"गर्दी झाली वं आज," म्हातारी म्हणाली.

"मोजून बारा मानसं हायेत."

"हाव. आपले बारा."

चौथ्या दिवशी चार बोटं राहिली. पाचव्या दिवशी अडीच. कोकिळेनं इंजनं तपासली, पाण्यातले पंखे पाहिले, तळ पुन्हा पाहिला, राळ ठोकून पाहिली. सगळं जागच्या जागी. उलट इंजनं कधी नव्हती इतकी गोड चालत होती. तिनं हात लावायच्या आधीच कोणी तेल भरलेलं असे, झाकणं पुसलेली असत. जोडीला गडी मिळाल्यासारखं. आणि लाँच रोज आणखी खाली जात होती.

"फेरी बंद करा," ती म्हणाली.

"अन् पलीकडे कोनाले रात-बेरात न्या लागलं तं?" पंजाबरावांचा आवाज चढला. "पुन्हा गाडीत घालू? पुन्हा त्या वळशानं?"

"बुडली तं बारा मानसं जातीन. अन् तुमी."

त्यांनाही पाणी दिसत होतं.

सहाव्या दिवशी खिडकीतून पाणी आत आलं. एक ओंजळभर, पण बायका किंचाळल्या. त्या फेरीनंतर कोकिळेनं तानुबाईला काठावर थांबवलं आणि सगळं सांगितलं. लोणी, हळद, ताटल्या. म्हातारी ऐकत वांगी रचत राहिली.

"नाव घेतलं होतं का आवतन देताना?"

"कोनाचं नाव?"

"बैलाचं घेतात ना. ढवळ्या म्हना, मोत्या म्हना, अन् मंग या म्हनतात. तू नुसतं या म्हनलं. ज्याले ज्याले ऐकू आलं, तो तो आला." तिनं एक किडकं वांगं पाण्यात फेकलं. "आधी दोघं आले. पंगत चांगली झाली म्हना, त्यायनं आपले आनले."

"मंग आता?"

"पाहुना आपून जात नाई. त्याले शिदोरी देऊन शिवेपावतो पोचवा लागते. ज्यानं आवतन देल्लं, त्यानंच."

"दुसऱ्यानं पोचवलं तं?"

म्हातारीनं टोपली डोक्यावर घेतली. "तसं कोनी करत नाई, बाई."

कोकिळेनं घरी नवऱ्याला सांगितलं. ते हसतील असं तिला वाटलं होतं. ते हसले नाहीत. जुन्या गावाची शीव आता पाण्याच्या मध्यावर होती. तिथल्या वाळल्या बाभळीचा शेंडा तेवढा पाण्यावर दिसायचा.

"तुले पोहता येते काय?" त्यांनी विचारलं.

"तुमाले येते काय?"

"नाई."

"मंग झालं तं. दिवसाउजेडी जाऊ. उद्या दुपारी. चाक तुमी धरा, शिदोरी मी देईन."

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. कोकिळेनं भाकरी भाजल्या. किती माणसांच्या करायच्या ते कळेना, म्हणून पीठ संपेपर्यंत भाजत राहिली. टोपलं भरून ती उतारानं खाली आली तेव्हा इंजनांचा आवाज ऐकू आला.

लाँच काठापासून दोन कासरे आत गेली होती. चाकावर पंजाबराव एकटे.

"अवो! थांबा! मले येऊ द्या!"

"तू नको येऊ!" ते ओरडले. "आलोच मी! भाकरी आपल्याले ठेव!"

ती कमरेइतक्या पाण्यात शिरली. टोपलं डोक्यावर तसंच.

लाँच इतकी खाली बसली होती की बंद केलेल्या खिडक्या दिसत नव्हत्या. पाण्यावर नुसती केबिन सरकत असल्यासारखी. संथ. सरळ. दोन्ही इंजनं एका सुरात.

बाभळीपाशी ती थांबली.

डावं इंजन बंद झालं. मग उजवं.

पंजाबरावांनी हात जोडलेले तिला दिसले.

बसलेला बैल आधी मागून उठतो. तशी लाँच उठली, आधी मागून, मग पुढून. खिडक्या वर आल्या. पाणी निथळलं. तळाचा डांबराचा पट्टा वर आला, जो पाण्यात टाकल्यापासून कोकिळेनं पाहिला नव्हता. आणि लाँच अजून थोडी वर आली.

बराच वेळ काही हललं नाही. बगळा बाभळीवर येऊन बसला.

मग इंजनं लागली.

कोकिळा रडत होती, हसत होती, टोपलं सांभाळत मागे मागे सरकत काठावर आली. लाँच वाऱ्यावरच्या पानासारखी येत होती. पंजाबराव चाकाशी उभे, सदरा कोरडा, तोंडावर हसू.

"पोचवलं काय?" तिनं ओरडून विचारलं.

"पोचवलं! सगळे गेले!" ते म्हणाले. "लय हलकं वाटून राह्यलं आता."

त्यांनी दोर फेकला. तिनं खुंट्याला बांधला. काठावरून लाँचवर टाकलेली फळी पातळ होती. तानुबाई चढली तरी मधोमध वाकून पाण्याला टेकायची.

पंजाबराव फळीवर आले. आपल्या नेहमीच्या दणक्या चालीनं, पाच पावलं, सहा.

फळी सरळ राहिली. खाली पाण्यात आभाळ दिसत होतं, आणि नुसती फळी.