दुसऱ्या ओळीतला सूर

सिनेमावर माझा राग नाही. पण मारुतीच्या देवळापासून पन्नास पावलांवर तंबू ठोकायचा आणि भोंगा नेमका देवळाकडे वळवायचा, याला काय म्हणावं?

चौपन्न सालचा पौष. वर्ध्याला लागून असलेल्या आमच्या बोरगाव मेघ्यात नव्या विटांची सहा घरं एका रांगेत उठली होती, तिसरं माझं. दाराची फळी फुटली म्हणून मी तिच्यावर तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकला होता. देवळात भैय्याजी बुवांचं कीर्तन सात दिवस लागलेलं. मी मागे टाळ धरायचो. गजराच्या दुसऱ्या ओळीत माझा सूर हमखास घसरतो. बुवा भर कीर्तनात म्हणायचे, "अण्णाजी, देवाले सवय झाली, मले अजून नाई झाली!" लोक हसत, मीही हसे.

घरी सुलोचनाला आठवा महिना. तिला फार वेळ बसवत नसे. म्हणून कीर्तन संपलं, की बोटावर काळा बुक्का घेऊन मी घरी जायचो आणि तिच्या कपाळाला लावायचो. तेवढंच तिचं कीर्तन.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पूर्वरंग आटोपला. बुवांना हार घालून मी मंडळींना बुक्का लावत होतो, तोच भोंग्यातून बाईची किंकाळी आली. बुवांनी डोळे मिटून घेतले. तीन दिवस हेच! कीर्तनातून मधेच उठू नये, हे मी गावाला सांगणारा. त्या दिवशी मीच उठलो. बोट काळंच होतं.

तंबूच्या तोंडाशी डोमाजी तिकिटं फाडत होता.

"डोमाजी, भोंगा वळव ना बाबा! किती वेळा सांगू?"

"वळवला न जी. तीनदा वळवला. पुन्हा तिकडंच होऊन राह्यला."

"आणि हे कसलं किंचाळणं?"

"भुताचा सिनेमा हाय. गावाबाहेर नवी घरं असतात. तिथं एक जण येते. बाईले वाटते, मालक आला. दार खोलते. खरा मालक मागून येते, तं बाई घरात नसते."

"कुठं जाते?"

"ते दाखवतच नाई. पहा न, फुकट पहा. पण भांडू नका."

मी कनात सारली. आत बायका पडद्यावर ओरडत होत्या, "अवं, खोलू नको! खोलू नको!"

पडद्यावर विटांची सहा घरं होती. एका रांगेत.

तिसऱ्याच्या दाराला पत्रा ठोकलेला.

दार उघडलं. पोटुशी बाई. तिच्यापुढे टोपीवाला माणूस पाठमोरा उभा. त्यानं बोट उचललं. बोट काळं होतं.

"डोमाजी, हे माझं घर आहे."

"नागपूरहून रिळांचा डबा आला जी," तो हसला. "तुमचं घर कसं येईन त्यात?"

मी धावलो. वाटेत दोनदा ठेचकाळलो. मागे बुवांनी उत्तररंग लावला होता, आणि भोंगा आता अगदी गप्प होता.

दार मी वाजवलं. सुलोचनानंच उघडलं. हायसं वाटलं, इतकं, की मी तिचा हात घट्ट धरला.

मग दिव्याच्या उजेडात तिचं कपाळ दिसलं. बुक्का लावलेला होता.

"आता काय?" ती म्हणाली. "आत्ताच तं लावला तुम्ही. मोरीवर पाय धुऊन राह्यले होते न? समोरून कसे आले?"

"सुलोचना, बाहेर ये. आधी बाहेर ये."

तिनं माझ्या बोटाकडे पाहिलं. मीही पाहिलं.

बोट स्वच्छ होतं.

घरात, मागच्या मोरीवर पाणी पडत होतं. तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला. कुणीतरी गजर गुणगुणू लागलं. पहिली ओळ झाली. दुसरीत सूर घसरला. अगदी तिथंच.

सुलोचनानं हळूच माझ्या हातातून हात सोडवला.

दार लागलं. आतून कडी पडली.